मॅडमला स्कूटरपर्यंत सोडायला

मित्रांनो, मला सुरू करायचं असेल तर आधी एका अंगाला कलतं करावं लागतं, मग सरळ उभं करून किक मारावी लागते. आजच्या गाड्यांना हा प्रकार माहीत नाही. एवढ्यावरून ओळखा, मी किती जुनी स्कूटर आहे ते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझा रंग कोवळ्या मटारासारखा हिरवा होता. घोडेगावच्या दवाखान्यात भिमाजी नावाचे कंपाउंडर होते, त्यांनी मला घरी आणलं. माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गल्लीतल्या एकेका पोराला बसवून चक्कर मारून आणली. त्यांची मुलगी शीला माझ्यावरच गाडी शिकली. भिमाजी मागे बसून सांगायचे, "क्लच हळू सोड. गाडीला दचकवू नको." पुढे शीलाचं लग्न ठरलं, तेव्हा तिने वडिलांकडे दागिना मागितला नाही. मला मागितलं. अशी मी माहेरची वस्तू होऊन तिच्यासोबत जुन्नरला आले.

जुन्नरच्या एका शाळेत शीला मॅडम नववी-दहावीला विज्ञान शिकवू लागल्या. माझी खरी नोकरी मात्र दहावीचा निकाल लागला की सुरू व्हायची. निकालानंतर मुलांच्या घरी जायचं, आई-वडिलांशी बोलायचं, अकरावीला कोणते विषय घ्यायचे आणि ते घेतले तर पुढे पदवीपर्यंत कोणती वाट जाते, हे नीट समजावून सांगायचं, असा मॅडमनी नेम धरला होता. शाळेने सांगितलं नव्हतं. त्यांनाच राहवत नसे. त्या दिवसांत मी ओझरला जायचे, खोडदला जायचे, येडगावच्या धरणाकडेने जायचे. पेढ्यांचे पुडे माझ्या डिकीत इतके साठायचे की डिकीचं झाकण चिकट व्हायचं.

मॅडमची एक पद्धत होती. घरात बसून चहा घ्यायच्या, मोठ्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या. उठताना मुलाला किंवा मुलीला म्हणायच्या, "चल, मला स्कूटरपर्यंत सोडायला ये." घर आणि स्कूटर यांच्यात असतं किती अंतर? फार तर अंगण. पण घरात तोंड न उघडलेली मुलं माझ्याजवळ येऊन बोलायची. खोडदच्या आदेशने माझ्या सीटवर नखाने रेघा ओढत सांगितलं होतं, "मॅडम, मला आयटीआयला वायरमन व्हायचंय, पण दादांना ते कमीपणाचं वाटतं." मॅडम तशाच माघारी वळून पुन्हा घरात गेल्या होत्या. दुसरा चहा झाला आणि आदेश आयटीआयला गेला.

आता मी तुम्हाला हुदा आणि अक्षदाची गोष्ट सांगते. फार जुनी नाही, तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली आहे.

हुदाच्या वडिलांचं, अन्सारभाईंचं, जुन्नरच्या पेठेत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, तांब्याची तार पुन्हा भरून परत जातात. हुदा लहानपणापासून त्या तारांमध्ये वाढली. दहावीला तिला चांगले मार्क मिळाले. मॅडम आणि मी दुकानापुढे जाऊन थांबलो, तेव्हा ती खाली मान घालून तारेचे वेढे मोजत होती.

"मॅडम, हिची आत्या म्हणती गणित सोडून बायो घ्यावं," अन्सारभाई म्हणाले. "पोरीच्या जातीला ते बरं. मला यातलं काय कळत न्हाई."

"हुदाला काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

हुदाने वर पाहिलं. "मला गणित पाहिजे. आणि इलेक्ट्रॉनिक्स. मोटार का जळती ते अब्बू बघून सांगतात, मला ते मोजून सांगायचंय."

मॅडमनी अन्सारभाईंना समजावलं. बारावीला गणित नसलं तर इंजिनिअरिंगची वाट बंद होते. असलं, तर ती वाटही उघडी राहते आणि बी.एस्सी.चीही. तिला हवा तो इलेक्ट्रॉनिक्सचा विषय नारायणगावच्या एका कॉलेजात होता. रोज एसटीने जावं लागणार होतं.

आतल्या पडद्याआडून हुदाची आई, खातूनबी, बोलल्या, "पाठवायला माझी ना न्हाई. पण एकटी जायची म्हंजे मला घोर लागतो. अक्षदा संगं असंल तर जाऊ द्या."

"अक्षदा पण सायन्सच घेणारे," हुदा लगेच म्हणाली. "आमचं ठरलंय."

मॅडम खुशीत होत्या. मला किक मारताना गुणगुणत होत्या.

तिथून आम्ही अक्षदाच्या घरी गेलो. ती हुदाची पहिलीपासूनची मैत्रीण. तिचं घर नारायणगावच्या रस्त्याला, शेतातच आहे. तिचे वडील चांगदेवभाऊ टोमॅटो करतात. अंगणात रिकाम्या क्रेटची थप्पी होती, तिच्या सावलीला मला उभं केलं.

"सायन्सच घ्यायचं, मॅडम," चांगदेवभाऊ म्हणाले. "लई मार्क पाडलेत पोरीनं. आन् तीबी तयार हाय."

"हो, मी सायन्स घेणारे," अक्षदा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ही मुलगी प्रयोगशाळेत जांभया द्यायची, हे त्यांना ठाऊक होतं. भूगोलाच्या तासाला मात्र फळ्यावर कुकडी नदी सगळ्या वळणांसकट काढायची. चहा झाल्यावर त्या उठल्या. "चल अक्षदा, मला स्कूटरपर्यंत सोडायला ये."

अक्षदा आली. ओढणीच्या टोकाने माझा आरसा पुसू लागली. आरसा स्वच्छच होता.

"मॅडम, मला सायन्स नको."

"मग आत का सांगितलंस?"

"मी नाही घेतलं तर हुदाला पाठवणार नाहीत. आर्ट्सचे तास सकाळी असतात आणि सायन्सचे दुपारी. आमची एसटी एक होणार नाही."

"हुदाला माहितीये हे?"

"नाही. तिला वाटतं मला पण आवडतं. मी तसंच सांगितलंय तिला."

मॅडमनी हातातलं हेल्मेट माझ्या सीटवर ठेवलं. "दोन वर्षं फिजिक्स जमेल तुला?"

"पाठ करीन."

"आणि बारावीनंतर? पदवी कशात करशील? तेव्हाही पाठच करणार?"

 अक्षदाचे डोळे भरून आले आणि ती पुन्हा आरसा पुसू लागली. मित्रांनो, माझ्या आरशात त्या वेळी तिचा चेहरा अगदी जवळ होता. एवढ्याशा मुलीने मैत्रिणीसाठी किती मोठं ओझं उचललं होतं, आणि तेही कुणाला न सांगता. मला हात असते तर मी तिच्या डोक्यावरून फिरवले असते.

"हे मी कुणाला सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तू हुदाला सांग. उद्या मी तुला न्यायला येते."

दुसऱ्या दिवशी अक्षदा माझ्या मागच्या सीटवर बसली. पेठेपर्यंत तिने मॅडमच्या खांद्यावरचा हात काढला नाही. दुकानाच्या दारातच तिने हुदाला सगळं सांगून टाकलं.

हुदा आधी रागावली. "मला न विचारता ठरवलंस? मी काय तुझ्या जिवावर इंजिनिअर होणार होते का?" मग तिचा आवाज बसला. "जाऊ दे. मी इथंच जुन्नरला मिळेल ते घेईन. तू तुझं आर्ट्स घे."

"तू इलेक्ट्रॉनिक्स घेणार नसशील तर मी पण आर्ट्स नाही घेणार," अक्षदा म्हणाली.

दोघी रडू लागल्या. अन्सारभाई हातातली पक्कड तशीच धरून बसले. काल सुटलं असं वाटलेलं सगळं आज पुन्हा गुंतलं होतं. दोन हुशार मुली एकमेकींवरच्या मायेपोटी आपापली वाट सोडायला निघाल्या होत्या.  मी रस्त्याच्या कडेला उभी होते, मला वाटलं आता आपण रिकाम्या हाताने माघारी जाणार.

तेवढ्यात खातूनबी पडदा सारून बाहेर आल्या. त्यांनी आधी अक्षदाला पाणी दिलं. तिच्याशेजारी बसल्या आणि हळूहळू बोलू लागल्या.

"मी सातवीपर्यंत शिकले. शाळा गावाच्या त्या टोकाला. माझ्यासंगं रुबिना यायची. तिचं लगीन झालं, ती गेली. मग माझे अब्बा म्हणाले, आता कुणासंगं जाशील? माझी सोबत सुटली आन् शाळाबी सुटली."  मग त्या हुदाकडे वळल्या. "काल मी पडद्याआडून तेच बोलले की. माझ्या अब्बांचंच बोलणं. रातभर मला ते टोचत व्हतं."

"पण मग सोबत?" अन्सारभाईंनी विचारलं.

"मी जाईन. एसटी काय फक्त पोरींसाठी असती व्हय? तिला कॉलेजात सोडीन, तितंच बसंन, घेऊन येईन. माझा जीव बसला की बघू."

अन्सारभाई म्हणाले, "आन् माझं जेवण?"

"डबा खावा," खातूनबी म्हणाल्या. दोन्ही मुली रडता रडता हसल्या.

चांगदेवभाऊंची समजूत काढणं मात्र सोपं गेलं नाही. आर्ट्स म्हणताच त्यांचं तोंड उतरलं. मॅडम त्यांच्या अंगणातल्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, नारायणगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागते, नाशिकची लागते. कुठं जायचं ते न ठरवता पहिली आली तीत चढलं तर?"

"भलतीकडंच जाऊ."

"सायन्सची गाडी चांगलीच आहे. पण अक्षदाला तिकडं जायचं नाही."

"आन् भूगोलाची गाडी कुठं जाती?"

मॅडमनी सगळं सांगितलं. भूगोलात पदवी करता येते. त्यानंतर संगणकावर नकाशे करायचं शिक्षण घेता येतं. धरण असो, रस्ता असो, आधी नकाशा लागतो. शिक्षिका होता येतं, स्पर्धा परीक्षा देता येतात. "पण नोकरीची हमी मी देत नाही," त्या म्हणाल्या. "ती सायन्सवाल्यांनाही देता येत नाही. एवढं सांगते, आवडीच्या विषयात ही मुलगी राबेल."

चांगदेवभाऊंनी वावराकडे नजर टाकली. "बघू, एक वर्ष बघतो," एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यात ठिबकच्या नळ्या टाकायच्या होत्या, तेव्हा अक्षदाने वावराचा उतार कागदावर काढून दिला. त्याप्रमाणे नळ्या पडल्या आणि पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं. त्यानंतर त्यांनी आर्ट्सचा विषय कधी काढला नाही.

खातूनबी खरंच जाऊ लागल्या. रोज सकाळी शाळेत जाताना आम्ही स्टँडवरून जायचो, तेव्हा बसायला जागा मिळावी म्हणून स्टँडपर्यंत आलेली अक्षदा मला एसटीत चढताना दिसायची. दुपारच्या सुट्टीत मॅडम काही कामाने पेठेत आल्या की स्टँडवर हुदा आणि तिच्यामागे खातूनबी एसटीत चढताना दिसायच्या. हळूहळू त्यांची त्या एसटीतल्या इतर मुलींशी ओळख झाली. कोण कुठे उतरते, कुणाची परीक्षा कधी आहे, सगळं त्यांना माहीत झालं.

आणि एके दिवशी त्या चढल्या नाहीत. डबा हुदाच्या हातात दिला, तिची ओढणी सारखी केली आणि खाली थांबल्या. एसटी गेली. खातूनबी स्टँडवर उभ्याच होत्या. मॅडमनी मला त्यांच्याजवळ नेऊन थांबवलं. "सोडू का घरी?"

त्या माझ्यावर एका बाजूने बसल्या. पहिल्यांदाच बसत होत्या. एक हात मॅडमच्या कमरेला आणि दुसरा स्टेपनीला घट्ट धरला होता. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "हळू चालवा, मॅडम. आता मला कुटं पोचायची घाई न्हाई."

मी आयुष्यात खूप माणसं वाहिली, पण त्या दिवशीइतकी जपून मी कधीच चालले नसेन.

आज हुदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात तिचा गणिताचाच एक पेपर राहिला. ती पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. अक्षदा भूगोल घेऊन बी.ए. करते आहे. दोघी फोनवर अजूनही भांडतात म्हणे.

माझं म्हणाल, तर माझे चालायचे दिवस सरले. सुटे भाग मिळेनात. मॅडमनी विजेवरची गाडी घेतली. ती आवाज न करता येते आणि जाते. मला पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. माझ्या पायदानावर कांद्याच्या गोण्या आल्या आणि डिकीत एका कोंबडीने अंडी घातली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. भंगारवाला दोनदा दारात आला. दोन्ही वेळा मॅडम म्हणाल्या, "ती विकायची नाही." तेवढ्यावर मी पावसाळे काढते आहे.

या जूनमध्ये मॅडमचा पाय मुरगळला, म्हणून मुलंच त्यांच्या घरी येऊ लागली. परवा मोहित नावाचा मुलगा आई-वडिलांबरोबर आला. मोठी माणसं आत गेली. तो शेडमध्ये येऊन माझ्या सीटवर बसला. माझा गिअर उगाच फिरवत राहिला आणि मग अगदी हळू म्हणाला, "मला कॉमर्स घ्यायचंय." थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडकं मारत जा, आम्हाला तेवढं पुरतं. पण एक गोष्ट आमच्या हातात नाही. तुम्ही आमच्याशी जे बोलता ते आम्ही मनापासून ऐकतो, पण तुमच्या आईला सांगू शकत नाही, मैत्रिणीला सांगू शकत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं. आणि तुमच्यासाठी गुपचूप कुणी आपली वाट सोडत असेल, तर तेही तुम्हालाच विचारावं लागतं.

मोहित उतरला. पँटला लागलेली माझी धूळ त्याने झटकली आणि आत गेला. खिडकीतून त्याचा आवाज आला. आधी बारीक आला, मग शेडपर्यंत नीट ऐकू येईल एवढा मोठा झाला.