ताईला कोण सांगणार

किनाऱ्याची पॅसेंजर त्या दुपारी शेवटची धावणार होती, म्हणून तिला गर्दी झाली होती. गार्डला त्या गर्दीचा मनापासून राग आला. इतकी वर्षं ही मंडळी कुठे होती? एरवी ज्या गाडीत खुशाल पाय पसरून डुलक्या काढाव्यात, तिच्या दाराला आज लोक लोंबकळत होते, एका हातात फोन वर धरून.

प्लॅटफॉर्मवर मुख्य कार्यालयातले साहेब कर्ण्यावरून गाडीचा इतिहास सांगत होते. ऊन खायला येणाऱ्या हौशी पाहुण्यांसाठी हा मार्ग टाकला, जेवणाच्या डब्यात पांढरीशुभ्र टेबलं होती, वाजंत्री होते, वगैरे वगैरे. पुढचं त्यांनी सोयीस्करपणे गाळलं. मग हमरस्ता झाला, घरोघरी मोटारी आल्या, डबे एकेक करून कमी होत गेले, समुद्राकडच्या खिडक्यांचा रंग उन्हाने उडाला आणि तो पुन्हा द्यायला कुणी फिरकलं नाही. हे सगळं गार्डने आणि त्याच्याआधी त्याच्या वडिलांनी याच गाडीच्या मागच्या डब्यातून पाहिलं होतं. टाळ्या वाजल्या. गार्डला फक्त बूट काढून कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

मधल्या थांब्यावर बारावाल्या बाई उभ्या होत्या. रोज बाराच्या गाडीने जायच्या, म्हणून हे नाव पडलेलं. शेवटच्या स्टेशनाजवळच्या वृद्धाश्रमात त्यांची थोरली बहीण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नव्हती. तिच्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन बाई निघायच्या. आज त्यांना पाय ठेवायलाही जागा नव्हती. दारातल्या एका गॉगलवाल्याने तर ऐकवलं, "मावशी, हा ऐतिहासिक प्रवास आहे. तुम्ही नंतर कधी जा ना."

गार्डचं डोकं फिरलं. त्याने बाईंना आपल्या डब्यात घेतलं, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मगच हिरवा बावटा दाखवला.

"उद्यापासून कसं करणार?" त्याने विचारलं.

"हमरस्त्यावरून बस आहे की. दोनदा बदलायची, मधे उन्हात चालायचं." बाई गुडघा चोळत होत्या. "गार्डसाहेब, खरं सांगू? गाडी बंद होणार हे कळलं, तेव्हा मला बरं वाटलं. सुटले म्हटलं एकदाची. मग माझी मलाच लाज वाटली."

गार्डने बावटा गुंडाळायला घेतला. त्यालाही बरंच वाटलं होतं, आणि हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर ताई म्हणेल, ही कंटाळली. तुमच्या अंगावर गणवेश आहे. गाडीच राहिली नाही, असं तुम्ही सांगा. बसचं मात्र काढू नका."

शेवटच्या स्टेशनावर हार घेऊन माणसं तयार होती. गार्ड बाईंना घेऊन दुसऱ्या बाजूने उतरला. सत्कार गेला खड्ड्यात.

वृद्धाश्रमात ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंनी तिला उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी टॉवेल लावला, भरवायला सुरुवात केली. गार्डने टोपी काढली आणि एका दमात सांगून टाकलं. उद्यापासून गाडी येणार नाही, कायमची बंद झाली, यात बाईंचा काही दोष नाही.

ताईने त्याच्या पितळी बटणांकडे पाहिलं.

"बसबिस नाही का?" तिने विचारलं.

गार्डने बाईंकडे पाहिलं. त्या डब्यात चमचा फिरवत होत्या, मान वर करायला तयार नव्हत्या. हा गणवेश घालून तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता. गाडीला उशीर असला तर उशीर आहे, असंच तो प्रवाशांना तोंडावर सांगायचा.

"नाही," तो म्हणाला.

ताई रडली नाही, रागावलीही नाही. तिने चांगला हात उचलून धाकटीच्या गुडघ्यावर ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "फार दमत होतीस गं."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. गार्डला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आहे गं बस," बाई म्हणाल्या. "दोनदा बदलावी लागते, एवढंच. जरा उशीर होईल मला. आ कर."