अंगाईतली तिसरी ओळ

मित्रांनो, आधी एक विनंती. मला फुंकर मारू नका आणि टकटकही करू नका. मी एक जुना माईक आहे. मी दार नाही, गरम दूधही नाही.

तुमच्या शाळेच्या संगीताच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी उभा असतो. माझ्या जाळीला दोन पोचे आहेत. मानेचा स्क्रू ढिला झाल्यामुळे भर गाण्यात मी मान टाकतो आणि तुम्ही फिदीफिदी हसता. हसा बापडे. तुमच्यातले काही जण मला आजोबा म्हणतात, त्याचाही मला राग नाही. पण या आजोबांनी काय काय ऐकले आहे हे कळले, तर तुम्ही जरा सरळ बसाल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईने चिमट्याने धातूची एक पट्टी माझ्या पोटात बसवली. ती पट्टी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. बसवताना बाईने श्वास रोखून धरला होता, कारण नुसत्या उच्छ्वासानेही पट्टी वाकली असती. आवाज आला की ती थरथरते, ते थरथरणे तारेतून पुढे जाते आणि लांबच्या घरात कुणाला तरी गाणे ऐकू येते. जोराची एक फुंकर बसली, तर माझे होत्याचे नव्हते होईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्या घराण्यातल्या माईकना पुढून जेवढे ऐकू येते, तेवढेच मागूनही येते. डाव्या-उजव्या बाजूंना मात्र आम्ही ठार बहिरे.

कारखान्यातून मी एका रेडिओ केंद्रात आलो. तिथली ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे शांततेचे कोठार होते. भिंतींना जाड पडदे, खाली गालिचा, समोर दुहेरी काच. काचेपलीकडे यंत्रापाशी ध्वनिमुद्रक काका बसायचे. काका बोलायला कंजूष, पण माझ्यावर त्यांचा भारी जीव. एकदा खुद्द नगराध्यक्ष भाषणाला आले आणि त्यांनी मला 'फू फू' करून पाहिले. काकांनी काही न बोलता मला उचलून कपाटात ठेवले आणि त्यांच्यापुढे एक दणकट, मठ्ठ माईक मांडला. मला आत बसल्या बसल्या हसू आवरेना.

माझ्यापुढे पुष्कळ लोक बोलले आणि गायले. पण ज्यांची वाट पाहावी अशा एकच, त्या म्हणजे गीतकार बाई. त्या स्वतः गाणी रचायच्या आणि स्वतःच गायच्या. बाजाराची पिशवी कोपऱ्यात ठेवायच्या, बूट करकरतात म्हणून ते दाराशी काढायच्या आणि अनवाणी माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. गळणाऱ्या नळावर त्यांचे गाणे होते, हरवलेल्या बटणावर होते, शेजारच्या आगाऊ कोंबड्यावरही होते. लोक ती गाणी रस्त्याने गुणगुणत जायचे. बाईंचा आवाज गोड होता असे मी म्हणणार नाही. तो खरा होता, आणि माझ्या पट्टीला त्यातला फरक चांगला कळतो.

दुसरे लोक आवाजाच्या चाचणीसाठी 'एक, दोन, तीन' म्हणतात. बाई कधीच आकडे म्हणायच्या नाहीत. चाचणीलाही त्या गाण्याचीच एखादी ओळ गायच्या, पूर्ण जीव ओतून. एक दिवस त्यांनी नवी अंगाई आणली. तिचे पहिले कडवे असे होते:

निजली रे भांडी, निजला पसारा,
दाराशी येऊन निजला रे वारा.
आज नको मला कुणाची आई होणं,
पहाटे मी येईन, नीज तोवर, सोनं.

चाचणीला त्यांनी नेमकी तिसरी ओळ गायली. काचेपलीकडे काकांचा हात यंत्रावर तसाच राहिला. काकांच्या शेजारी केंद्राचे नवे प्रमुख उभे होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब तडक आत आले.

"बाई, ही ओळ चालणार नाही."

"का हो?"

"आई असं म्हणते का कधी?"

"मी म्हटलंय," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं नाही म्हटलं, एवढंच."

मित्रांनो, साहेबांना दुष्ट समजू नका. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. ते म्हणाले, "रेडिओ घराघरात लागतो. एखादं चार-पाच वर्षांचं पोर ऐकेल आणि आईला विचारेल, 'आई, मी तुला नकोय का?' तिनं काय उत्तर द्यायचं? तुम्ही जाणार आहात का द्यायला? आणि वरून मला विचारणा झाली, तर माझी खुर्ची जाईल ती वेगळीच."

खरे सांगतो, मलाही क्षणभर पटले. मी दोन्हीकडचे ऐकणारा, माझे असेच होते.

बाईंनी गाण्याचा कागद साहेबांपुढे धरला. मग म्हणाल्या, "साहेब, अंगाईतलं बाळ फक्त सूर ऐकतं. शब्द असतात ते आईसाठी. दिवसभर राबून ती मेटाकुटीला येते, तेव्हा तिला कोण अंगाई म्हणतं? आणि पुढची ओळ ऐका की. 'पहाटे मी येईन.' ती कुठं पळून चालली नाहीये."

साहेबांनी खिशातून पेन काढले आणि स्वतःच एक ओळ लिहून दिली: 'जन्मोजन्मी गोड मला तुझी आई होणं.'

बाईंनी ती वाचली. हसू येत होते, पण त्यांनी ते दाबले. "जन्मोजन्मीचं मला काय माहीत, साहेब? मी कालचं सांगतेय."

"मग ही अंगाई राहू द्या."

हे मात्र बाईंना लागले. ही अंगाई त्यांनी स्वतःच्या मुलांच्या उशाशी बसून रचली होती, आणि ती आपल्यासारख्याच कुणा थकलेल्या बाईपर्यंत पोचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ओळ बदलली तर गाणे खोटे पडणार, आणि न बदलली तर ते त्यांच्या पिशवीतून घरी परत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी बूट घातले आणि त्या निघून गेल्या. खोलीत साहेब आणि मी, दोघेच उरलो. साहेब तिथे बराच वेळ उभे होते.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "माझी ओळ गाणार नाही. तुमचीही गाणार नाही. त्या जागी नुसती गुणगुणते. चालेल?"

गुणगुणण्यात आक्षेप घ्यायला साहेबांना काही सापडेना. तरी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. ऐन वेळी बाईंनी ती ओळ गायली तर? "मुद्रणाच्या वेळी मी आतच थांबतो," ते म्हणाले. त्यांचेही बूट करकरायचे, म्हणून ते मोजे घालून आत आले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते आणि कोटाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता. बाईंना आपण दिसलो पाहिजे म्हणून ते त्यांच्या बरोबर समोर, म्हणजे माझ्या पाठीमागे, येऊन उभे राहिले. साहेब आधी कचेरीच्या कामात होते. त्यांची समजूत अशी, की माईकचे तोंड ज्याच्याकडे, तेवढ्याचेच तो ऐकतो.

लाल दिवा लागला आणि बाई गाऊ लागल्या. भांडी निजली, पसारा निजला, वाराही दाराशी येऊन निजला. मग तिसरी ओळ आली. बाईंनी ओठ मिटले, डोळे मिटले आणि त्या गुणगुणल्या. काय सांगू तुम्हाला! शब्द एकही नव्हता, पण सगळा थकवा, सगळी माया माझ्या पट्टीपर्यंत पोचली. इतक्या कलाकारांपुढे मी उभा राहिलो, पण हात बांधलेले असताना इतके मोकळे गाताना दुसऱ्या कुणाला मी ऐकले नाही.

नेमके तेव्हाच मला मागूनही काहीतरी ऐकू आले.

गाणे संपले. रिवाजाप्रमाणे काकांनी ते भिंतीवरच्या कर्ण्यातून परत लावले. तिसरी ओळ आली, बाईंचे गुणगुणणे आले, आणि त्याच्या खालून एक जाडसर, किंचित बेसूर, अगदी हळू आवाज निघाला:

'आज नको मला कुणाचा बाप होणं...'

काकांनी यंत्र थांबवले. बाईंनी कर्ण्याकडे पाहिले, मग माझ्या पाठीमागे पाहिले.

"हा कुणाचा आवाज?" साहेबांनी विचारले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"आत तुम्ही दोघंच होता," काका काचेपलीकडून त्याच कर्ण्यातून म्हणाले. "आणि या माईकला मागूनही ऐकू येतं, साहेब."

साहेब जवळच्या स्टुलावर बसले. जमिनीकडे बघतच ते बोलू लागले. "बायकोला इस्पितळात रात्रपाळी असते. पोरगी दोन महिन्यांची आहे. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो, पण ती झोपता झोपत नाही. त्या दिवशी तुमची ओळ ऐकली आणि घरी गेल्यावर तोंडात तीच आली. आता रोज तीच म्हणतो. आत्ताही तोंडातून निघाली, मला कळलंसुद्धा नाही."

बाईंच्या जागी मी असतो, तर चार शब्द सुनावले असते. चांगली संधी चालून आली होती. पण बाईंनी फक्त विचारले, "आणि सकाळी?"

"सकाळी काय?"

"सकाळी परत येता ना?"

साहेबांनी वर पाहिले. "सकाळी ती माझ्याकडे बघून हसते हो. मग येतोच की."

"तेवढंच आहे त्या गाण्यात," बाई म्हणाल्या.

साहेब उठले आणि त्यांनी काकांना खूण केली. "परत घ्या. ओळीसकट."

"वरून विचारणा झाली तर?" काकांनी विचारले.

"सांगू, की मी ऐकलंय म्हणून." मग दाराशी जाऊन ते म्हणाले, "या वेळी मी बाहेर थांबतो."

अंगाई ओळीसकट घरोघरी गेली. विचारणा झाली, रागाची पत्रेही आली. एका निवृत्त मास्तरांनी तर घरादाराचे वळण बिघडल्याचे कळवले. साहेबांनी प्रत्येकाला स्वतः उत्तर दिले. एकदोघांचे म्हणणे रास्त होते, तसे त्यांनी उत्तरात कबूलही केले, पण ओळ काढली नाही. त्यांची खुर्ची गेली नाही, मात्र बढती काही वर्षे लांबली. आणि एका बाईचे कार्ड आले, त्यावर एवढेच लिहिले होते: 'पुन्हा लावा.'

पुढे माझे दिवस फिरले. नवे, चकचकीत माईक आले. काका निवृत्त झाले, बाई थकल्या आणि मी एका कपाटात मोडक्या पंख्यांशेजारी जाऊन पडलो. बाई गेल्याचेही मला तिथेच कळले, कारण त्या संध्याकाळी बाहेरच्या रेडिओवर ती अंगाई लागली होती. मला फार रडू आले, पण आम्हाला रडता येत नाही. माझी पट्टी तेवढी थरथरली.

त्या कपाटातून मला बाहेर काढले ते तुमच्या संगीताच्या बाईंनी. ओळखलेत ना? तीच ती साहेबांची पोरगी, रात्रभर बापाला फेऱ्या मारायला लावणारी. 'ह्या माईकनं तुझ्या बापाला रंगेहाथ पकडलं,' असे साहेब त्यांना हसून सांगायचे म्हणे.

कालचीच गोष्ट. तुमच्यातल्याच एका मुलीने आपल्या नव्या भावावर गाणे रचून आणले. 'सगळे म्हणती गोड, मला तर तो आवडत नाही,' अशी तिची दुसरी ओळ होती. तुम्ही हसलात. संगीताच्या बाई पटकन म्हणाल्या, "अगं, असं लिहू नये..." आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या सावकाश माझ्या पाठीमागे, जिथे एकदा त्यांचे वडील उभे होते, तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "गा. शेवटपर्यंत गा."

मुलीने गायले. शेवटच्या ओळीत तिने त्या भावाचे बोट धरले होते. आधीच्या त्या दुसऱ्या ओळीशिवाय ती आली असती, तर माझ्या पट्टीला खरी वाटली नसती.

म्हणून मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. फुंकर मारू नका; आमच्यासारख्यांचे काळीज पातळ असते आणि गाणाऱ्यांचेही तसेच. आणि कुणाच्या गाण्यातली ओळ खोडाविशी वाटली, तर आधी घटकाभर माझ्यामागे येऊन उभे राहा आणि गाणे संपेपर्यंत ऐका. त्या वेळी तुमच्या तोंडून जे हळूच निघेल, तेही मला ऐकू येईल.