चौथ्या मसुद्यातला हात

माझ्या निबंधात बाबांचा हात थरथरायला लागला तो चौथ्या मसुद्यात. आधीच्या तिन्ही मसुद्यांत तो ठणठणीत होता.

निबंध म्हणजे विद्यापीठाच्या अर्जाला जोडायचे ते पाचशे शब्द. 'मी ही विद्याशाखा का निवडली.' मला दातांची डॉक्टर व्हायचं होतं आणि त्याचं कारण मला एका दमात सांगता आलं असतं. मी कवळ्यांच्या घरात वाढले. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन डब्यातून आमच्याकडे पाठवतात, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून बाबा त्यावरून कवळी करतात. त्या खोलीच्या फळीवर अनोळखी माणसांच्या हिरड्या प्लास्टरमध्ये ओळीने मांडलेल्या असतात. शाळेतल्या मैत्रिणी आत डोकावून 'ई' करून पळायच्या. मला त्याची कधीच किळस वाटली नाही. किळस म्हणजे काय ते मला या वर्षी कळलं.

पहिला मसुदा मी एका संध्याकाळी एकटाकी लिहिला. त्यात बाबांची एक खोड सांगितली होती. कवळी करायच्या आधी ते त्या माणसाचा जुना फोटो मागवतात, हसतानाचा. मग पक्की कवळी ओतायच्या आधी मेणावर दात लावतात, आणि सगळे सरळ लावून झाले की पुढचा एक दात सुरीच्या टोकाने किंचित फिरवतात. केसभर, त्याहून जास्त नाही. "सगळे दात सरळ असलेलं माणूस पाहिलंयस कधी?" असं विचारतात. मी लिहिलं होतं की तो दात फिरवताना त्यांचा हात बघून मला हे शिकावंसं वाटलं.

आईला ते आवडलं, पण आईला नुसतं आवडून भागत नाही. ती पाणीखात्याच्या तक्रारखिडकीत बसते. वीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकून तिचं एक ठाम मत झालंय, की खिडकीशी नीट बोलणाऱ्याचा अर्ज ढिगात जातो आणि हुंदका देणाऱ्याकडे त्याच दिवशी माणूस जातो. तिने मला अर्ज-मार्गदर्शनाला घातलं.

ते कार्यालय चपलांच्या दुकानाच्या वर होतं. काचेचं टेबल, मागे निवड झालेल्या मुलांचे हसरे फोटो आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. मार्गदर्शक बाई पहिल्या भेटीतच तो डबा माझ्याकडे सरकवून बसल्या. मी त्यांचं नाव खोडरबर ठेवलं, कारण पाचशेपैकी साडेचारशे शब्द त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत खोडले.

"यात त्रास कुठाय?" त्या म्हणाल्या.

"कसला त्रास?"

"तुझा. घरचा. कुणी आजारी आहे? कुणी गेलंय एवढ्यात?"

"आजोबा गेले."

त्यांनी टोपण काढलं. "कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी."

त्यांनी टोपण परत लावलं. त्या बाईला माझे आजोबा वेळेवर मेले नाहीत याचं खरंखुरं वाईट वाटलं होतं. तरी मी बसून राहिले. शेजारी आई बसली होती आणि ती मान डोलवत होती.

दुसऱ्या मसुद्यात आमची खोली अंधारी झाली. तिला दोन खिडक्या आहेत. तिसऱ्यात मी लहानपणी त्या प्लास्टरच्या हिरड्यांशी खेळायचे, कारण खेळणी नव्हती. खेळणी होती, माळ्यावर एक खोकं भरून अजून आहेत. खोडरबर म्हणाल्या, "आता जमतंय. पण शेवटाला काहीतरी हवं. वडिलांचे डोळे कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"हात?"

आई म्हणाली, "परवाच म्हणत होते, मनगट दुखतंय."

चौथा मसुदा मी घरी बसून लिहिला. हे मी स्पष्ट सांगते, कारण नंतर मी मनातल्या मनात त्या बाईच्या नावाने खूप बोटं मोडली. सुचवलं त्यांनी, उचलून धरलं आईने, लिहिलं मी. बाबांच्या हाताला कंप सुटलाय, ते कुणाला सांगत नाहीत, शाळेतून आल्यावर मी गुपचूप त्यांच्या जागी बसून दात लावते. 'त्यांचा हात थांबला तेव्हा माझा सुरू झाला,' असं एक वाक्य होतं. ते लिहून झाल्यावर मला ते आवडलं होतं. आज ते आठवलं की तोंडात घाण चव येते.

अर्जाच्या शेवटी पालकांची सही लागत होती, वरील मजकूर खरा असल्याची. मी कागद बाबांच्या टेबलावर ठेवला आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी सुरी खाली ठेवली, स्पिरिटचा दिवा विझवला, चष्मा बदलला आणि सगळा निबंध दोनदा वाचला. मला वाटत होतं की ते ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. बाबांची सही छापल्यासारखी असते. ही वेडीवाकडी आली. मला वाटलं, पेन खराब असेल. एवढी अक्कल घेऊन मी विद्यापीठात निघाले होते.

मुलाखतीचं पत्र आलं, त्यात पालकांनाही बोलावलं होतं. त्यानंतरचा आठवडाभर बाबा चहाचा कप घेऊन मागच्या गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. आई म्हणायची, "यांना काय झालंय कुणास ठाऊक, रोज एक शर्ट चहाने माखतात."

मुलाखत एका लांबलचक खोलीत होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. मला त्यांनी साधेच प्रश्न विचारले, रसायनशास्त्राचे, जीवशास्त्राचे, आणि मी ते धडाधड सोडवले. निबंधाचा कुणी विषयसुद्धा काढला नाही. सुटले म्हणून मी मनात हुश्श केलं. तेवढ्यात शिपायाने सगळ्यांना चहा दिला.

बाबांनी बशीसकट कप उचलला. आधी बशी खुळखुळली. मग कप तिच्यावर नाचायला लागला. चहा बशीत सांडला, बशीतून त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर सांडला आणि बाबांनी दुसऱ्या हाताने पहिला हात धरला, लपवल्यासारखा. टेबलामागच्या बाईंनी निबंधाचं पान उलटून पाहिलं आणि डोळे खाली केले.

मी चार इंचांवरून बघत होते. जो हात मेणातला दात केसभर फिरवतो, तो माझ्यासाठी तमाशा करत होता, आणि फार छान करत होता. मला बाबांची शिसारी आली. हे वाक्य लिहायला मला फार जड जातंय, पण तेव्हा आधी त्यांचीच आली. माझी स्वतःची यायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

मग मधले डॉक्टर अर्जावरचा पत्ता बघून पुढे झुकले. "थांबा. तुमची ती प्रयोगशाळा… म्हणजे ते तुम्हीच का? अहो, दहा वर्षं माझ्या सगळ्या कवळ्या तुमच्याकडून येतात! माझे पेशंट विचारतात, ते एका दाताचं वळण कसं जमवता म्हणून." ते अगदी फुलून बोलत होते. मग त्यांची नजर बाबांच्या मांडीवरच्या डागावर गेली आणि ते थांबले. "अरेरे," ते म्हणाले.

मी, आई आणि खोडरबर, आम्ही तिघींनी महिनाभर डोकं लढवून निबंध सजवला, आणि दातांच्या विद्यापीठात शिकवायला दातांचेच डॉक्टर असतात, त्यांचे दवाखाने असतात आणि त्यांचे डबे आमच्याच फळीवर येतात, हे एकीलाही सुचलं नाही. डबे माणूस आणून द्यायचा, माणूस घेऊन जायचा. दहा वर्षांत बाबांनी त्या डॉक्टरांचा चेहरा पाहिला नव्हता.

निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी आईने पाणीखात्यात सगळ्यांना फोन केले. त्याच आठवड्यात डबे कमी झाले. आधी त्या डॉक्टरांचे थांबले, मग त्यांच्या ओळखीतल्या दोघांचे. कुणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं. फळीवर फक्त धूळ बसायची राहिली.

मग एका सकाळी ते डॉक्टर स्वतः आले. आमच्याकडे राहिलेल्या त्यांच्या शेवटच्या तीन कामांचे डबे न्यायला, आणि बाबांना भेटायला. हातात फुलं होती. माणूस खरोखरच भला होता, त्यामुळे मला आणखीच कसंतरी झालं. बाबांच्या समोर मेणावर लावलेली एक कवळी होती, एका निवृत्त शिक्षिकेची. फक्त शेवटचा दात फिरवायचा बाकी होता.

"बघू तुमचा हात," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. तो थरथरत होता.

"खोटं आहे ते," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून "अगं" म्हणाली, पण आता माझा ताबा सुटला होता. "डॉक्टर, ते सगळं खोटं आहे. मी निबंधात लिहिलं म्हणून ते करतायत. त्यांना काही झालेलं नाही. मी आयुष्यात एकही दात लावलेला नाही. तुमच्या सगळ्या कवळ्या त्यांनीच केल्यात, ही समोरचीसुद्धा. बाबा, दाखवा त्यांना. तो दात फिरवून दाखवा."

मी सुरी उचलून त्यांच्या हातात दिली. एवढंच हवं होतं. केसभर. डोळे मिटून ते करू शकतात.

बाबांनी सुरी धरली, दिव्यावर तापवली आणि मेणाजवळ नेली. सुरी हलत होती. ती दातापाशी टेकली, घसरली आणि शेजारच्या तीन दातांना घेऊन आत रुतली. पुढची सगळी ओळ वाकडी झाली. कुणाच्यातरी तोंडाचा पार चुराडा केल्यासारखी ती दिसत होती. दहा वर्षांत त्यांनी असं काम बिघडवलेलं मी पाहिलं नव्हतं. ते मान खाली घालून म्हणाले, "मुलगी आहे, साहेब. बापाची लाज झाकतेय."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अशीच मुलं आम्हाला हवी असतात," ते म्हणाले.

मी पुन्हा बोलू शकले असते. तोंड होतं, शब्द होते, विद्यापीठाचा पत्ता निवडीच्या पत्रावर मोठ्या अक्षरात छापलेला होता. मी मूग गिळून उभी राहिले. एकदा खरं बोलले, त्यांनी विश्वास ठेवला नाही, मग माझा काय दोष, असं मी मला सांगितलं, आणि ते सांगताना मला कुठेतरी बरं वाटत होतं. ते बरं वाटणं सगळ्यात घाण होतं.

डॉक्टर दोन डबे घेऊन गेले. तिसरी कवळी बिघडलेली, म्हणून तिथेच राहिली. आईने फुलं कशात ठेवायची म्हणून भांडं शोधायला सुरुवात केली. मी तिला म्हणाले की ती फुलं बाहेर फेक, तर ती म्हणाली, "फुलांनी काय केलंय?"

"असं का केलंत?" मी बाबांना विचारलं.

"जागा गेली असती तुझी."

"आणि काम?"

त्यांनी दिवा सरळ केला, सुरी तापवली आणि रुतलेले दात एकेक करून वर काढले. हात दगडासारखा स्थिर होता. मेण गुळगुळीत केलं, ओळ लावली, फोटो उभा करून एकदा बघितला. फोटोतल्या शिक्षिका कुणाच्यातरी विनोदावर हसत होत्या. शेवटी सुरीच्या टोकाने तो एक दात किंचित फिरवला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आता ही कुणाला देणार?" मी म्हणाले. त्या शिक्षिकेचं काम आता दुसरीकडे जाणार होतं.

बाबांनी ती कापसात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "तू घेऊन जा. पहिल्या वर्षाला दात लावायला देतात म्हणे. तो फिरवलेला नीट बघून ठेव, तुला येतं असं लिहिलंयस तू."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मनापासून, काळजीने बोलत होते. मी डबा घेतला.