गुडघ्याएवढे झाड

मित्रांनो, मी एक जुने झाड आहे. हसू नका. बरीच वर्षे माझी उंची तुमच्या गुडघ्याएवढीच होती, तरी या डोंगरावर शेळ्या चारणाऱ्या माणसापेक्षा मी वयाने मोठा आहे.

माझी आई उतारावरचे सर्वांत थोर झाड होती. तिच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. शेळ्यावाला त्यावर मीठ ठेवायचा. ते चाटायला सगळा कळप जमायचा आणि तोंडी लावायला आम्हा भावंडांना खायचा. खाण्यातून उरलेली खुरांखाली चिरडली जायची. माझा शेंडा दर वर्षी फुटायचा आणि दर वर्षी दातांनी ओरबाडला जायचा. वर वाढू देत नाहीत म्हणून मी मुळे खोल सोडत राहिलो. भावंडांपैकी कोणीच उरले नाही.

शेळ्यावाल्याच्या बायकोला हे बघवेना.

“अहो, मीठ खाली माळावर ठेवा की. इथं एक रोप जगत नाही.”

“माझा बाप इथंच ठेवायचा.”

“मग हे झाड पडलं की उतार धरायला बापालाच बोलवा!”

“शेळ्या काय तुझ्या सवती आहेत?”

तिने काटेरी फांद्या तोडून माझ्याभोवती रचल्या. हात रक्ताळले. “हे एक तरी,” ती म्हणाली.

फौजदार नावाच्या बोकडाने शिंगांनी ते काटे उधळले. ओठ फाटून रक्त गळत होते, तरी तो मला चावतच राहिला. तिने पुन्हा काटे रचले. त्याने पुन्हा उधळले.

मग एका वादळात आई उन्मळून पडली. तिच्याखाली कितीतरी शेळ्या चेंगरल्या. तिची जागा घ्यायला कोणी नव्हते. तिची मुळे कुजली, माती भुसभुशीत झाली. मीठ मात्र त्याच दगडावर राहिले.

एकदा संततधार पावसात शेळ्यावाल्याची बायको मिठावरच्या शेळ्या हाकायला वर आली आणि उतार सुटला. शेळ्यांचे पाय काडीसारखे मोडले. चिखलाबरोबर घसरत आलेली ती माझ्यापाशी अडकली. मी तिला धरले, मित्रांनो. पण एकटे झाड किती धरणार? वरून तो मिठाचा दगड गडगडत आला आणि तिच्या डोक्यावर आदळला.

नवऱ्याने नखे उखडेपर्यंत चिखल उपसला. तिला नेल्यावर तो पहार घेऊन परत आला आणि त्या दगडाचे तुकडे तुकडे केले.

आता मीठ खाली माळावर असते. फौजदार वाचला, अजून मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडे मान ताणतो. पण माझा शेंडा त्याच्या तोंडाच्या वर गेला आहे.

शेळ्यांना दोष देऊ नका, त्यांना भूक असते. पण जिथे कोंब फुटला असेल तिथून त्यांना काही वर्षे दूर ठेवा. झाड म्हातारे होण्याआधी त्याची पोरे मोठी होऊ द्या.

शेळ्यावाला रोज वर येतो. वाऱ्याने आणलेल्या बीचा कोंब दिसला की त्याच्याभोवती काटे रचतो. हात रक्ताळतात. दर वेळी तो एवढेच म्हणतो, “हे एक तरी.”

आता आम्ही पुष्कळ झालो आहोत. तो तरीही तेच म्हणतो.