कंपबाबांचा वाडगा आणि सातवीचं यंत्र

पाणी हललं आणि सभागृहातली दोनशे माणसं एकदम पुढे झुकली. काचेच्या वाडग्यात आधी बारीक शहारा उठला, मग वर्तुळांमागून वर्तुळं धावू लागली. वाडगा लाकडी मंचावर, मंचाला जमिनीपर्यंत लोळणारी मखमली झालर, आणि मागे खुर्चीत डोळे मिटून बसलेले कंपबाबा.

"धरणी कुरकुरतेय," ते म्हणाले. "थांब गं माझे आई, मी समजावतो यांना."

पाणी थांबलं. माझ्या सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले, कारण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी शिंपी. वीस वर्षं मोटरीच्या मशीनवर बसतोय. मंचाच्या कडेला हात टेकला की बोटांना ओळखीची गुणगुण लागायची. पण सासूबाईंपुढे बोलणार कोण?

दोन महिन्यांपूर्वी खराखुरा धक्का बसला होता. फळ्यांवरची भांडी खाली आली, शाळेच्या भिंतीला तडा गेला, लोक धास्तावले. आठवडाभरात बाबा हजर. त्यांचं म्हणणं, पुढचा धक्का मोठा. तेव्हा जो धावत या सभागृहात येईल तोच वाचेल. सभागृहाचं छत आधीच वाकलेलं, डोक्यावर मणभर वजनाचं झुंबर. आणि म्हणे, भूकंपाबद्दल बोललं की धरणी चिडते.

नेमकं तेच आमच्या मुलीच्या वर्गात चाललं होतं. भूगोलाच्या बाई परातीतल्या खिरीसारख्या घट्ट चिखलावर बिस्किटं तरंगवून जमिनीचे तुकडे कसे सरकतात ते दाखवत. झाडूच्या काड्या आणि मातीच्या गोळ्यांचे मनोरे रचून ट्रे गदागदा हलवत. तिरप्या काड्यांचा आधार दिलेला मनोरा टिकला की वर्ग डोक्यावर घेतला जाई. बाकाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायचा सरावही होता. आमची सातवीतली मुलगी तर कुकरची शिट्टी झाली तरी टेबलाखाली.

बाबांच्या धाकानं मुख्याध्यापकांनी हे सगळं बंद केलं.

बाई भांडल्या नाहीत. त्या बाबांकडे गेल्या आणि नम्रपणे म्हणाल्या की मुलांनी कंप नोंदवणारं यंत्र केलंय, आपला कंप टिपू द्या. बाबा खूश. विज्ञान आपण होऊन पायाशी आलं, असं त्यांनी भक्तांना चारदा ऐकवलं.

यंत्र म्हणजे उभं केलेलं बुटांचं खोकं. आत दोऱ्यांनी टांगलेला, खडे भरलेला कागदी पेला, त्याच्या बुडातून निघालेलं स्केचपेन आणि खालून ओढायची कागदाची पट्टी. खोकी दोन होती. पुढच्या सभेला बाई सगळा वर्ग घेऊन आल्या, एक खोकं मंचावर ठेवलं, दुसरं दोन पावलांवर जमिनीवर. तिथली पट्टी माझी मुलगी ओढत होती.

बाबांनी धरणीला साद घातली. पाणी शहारलं. मंचावरचं पेन वेड्यासारखं नाचलं. जमिनीवरच्या पेनानं मात्र फूटपट्टीनं आखावी तशी सरळ रेघ काढली.

बाबा म्हणाले, लेकराचं यंत्र बिघडलंय. बाई म्हणाल्या, मग तपासू या. त्यांनी वर्गाला उड्या मारायला सांगितलं. चाळीस मुलं एकदम उडाली, फरशी दणाणली आणि सरळ रेघेला भरभर काटे फुटले. यंत्र ठणठणीत होतं. मुलांना आता थांबायचंच नव्हतं. दोन आज्याही उडाल्या.

त्या हशात सासूबाई उभ्या राहिल्या. "बाबा, धरणी सगळ्यांची ना? मग ती तुमच्या मंचालाच हलवते आणि माझ्या पायाखाली गप्प कशी राहते?"

मी पुढे झालो आणि झालर उचलली. फळीच्या खालच्या बाजूला पाय चेपायचं विजेचं यंत्र स्क्रूनं घट्ट बसवलेलं. त्याची वायर बाबांच्या पायाच्या अंगठ्याखालच्या बटणापर्यंत. मी बटण दाबलं, पाणी शहारलं. सोडलं, थांबलं. मग धरणीला कुरकुरायला लावायला रांगच लागली. मुख्याध्यापकांनी दोनदा दाबलं. रांग संपेपर्यंत बाबा मागच्या दारानं अनवाणी पसार झाले होते.

सोमवारी तास पुन्हा सुरू झाला, या वेळी मोठ्यांसाठीही. सासूबाई बाकाखाली चपळाईनं शिरल्या. बाहेर काढायला तिघं लागले.

बाईंनी तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. भूकंप नेमका कधी येणार हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही. जो सांगतो त्याला पुरावा मागा, आणि मागताना लाजू नका. मी लाजलो होतो. धरणी कुणावर रागावत नाही, तिला समजवायला मध्यस्थ लागत नाही. लागतं ते भक्कम बांधकाम आणि कुठे लपायचं याची माहिती. घरातलं उंच कपाट मी त्याच संध्याकाळी भिंतीला पक्कं केलं. तुमचं अजून तसंच उभं असेल, तर आज करून टाका.