बाहेरच्या कोनाड्यातला कप

मी कप बोलतोय. चिनी मातीचा, पांढरा, काठाला हिरवी रेघ. कान तुटलाय, पण हसू नका हं! त्या कानाच्या जागी ही तार गुंडाळलीय ना, तिचा मला जन्मभर केवढा तोरा होता.

जुन्या जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानातून आम्ही डझनभर भावंडं गवतात गुंडाळून इथं आलो, भोकरदनच्या रस्त्याला, फाट्यावरच्या धर्मराजच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे काय, पत्र्याखाली एक भट्टी अन् दोन बाकडी. उतरवतानाच माझा कान तुटला. वाटलं, झालं, आता उकिरडा! पण धर्मराजनं मला उचललं आणि बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. एकट्याला! बाकीची भावंडं एकाच घमेल्यात, एकाच गढूळ पाण्यात बुचकळून निघायची. मी मात्र स्वतंत्र. मी तर फुगलोच.

माझी गिऱ्हाइकंही वेगळी. ती बाकड्यावर बसायचीच नाहीत, बाहेर लिंबाखाली उकिडवी बसायची. मला वाटायचं, मोकळ्या हवेची हौस असेल. धर्मराज त्यांना चहा देताना लांबूनच, वरून धार सोडायचा. एक थेंब सांडत नसे. वा रे कला, म्हणायचो मी. आणि पिऊन झालं की ती माणसं मला राखेनं घासून, धुऊन, पुन्हा कोनाड्यात ठेवायची. आतली गिऱ्हाइकं उष्टा कप टाकून खुशाल निघून जायची. असा जीव लावणारी माणसं कोणत्या कपाला मिळतात, सांगा बरं!

त्यातला एक कचरू. रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. गरम चहानं त्याची बोटं पोळायची, म्हणून एक दिवस कामावरची तार आणून त्यानं मला हा कान करून दिला. सोबत त्याचा लहान पोरगा असायचा. शेवटचा घोट त्याचा. तार म्हणजे माझा दागिनाच झाला.

पुढं काचेचे गिलास आले, मग कागदी कप. माझी गिऱ्हाइकं आत बाकड्यावर बसू लागली आणि मी कोनाड्यात जाळी-जळमटात पडून राहिलो. धर्मराज गेला. आता त्याचा नातू कल्याण आणि त्याची बायको दैवशाला हॉटेल बघतात. हल्ली लोक गाडी हळूहळू चालवत, रस्त्याकडेची अशी जुनी ठिकाणं शोधत येतात म्हणे. कल्याणनं भिंती सारवल्या, कंदील टांगले, चिनी मातीचे कप पुन्हा काढले. मला घासून कोनाड्यात ठेवलं, शेजारी झेंडूचं फूल. माझे फोटो निघू लागले! माझ्या तोऱ्याला काय विचारता.

मागच्या रविवारी एक गाडी थांबली. चालवत होती अक्षता, सोबत तिचे आजी-आजोबा, बेबीनंदा आणि तातेराव. तातेराव निवृत्त मास्तर.

"आजी, किती गोड जागा आहे बघ! जालन्यापासून इतक्या ठिकाणी थांबलो, पण असं एकही नव्हतं."

तातेराव खाली उतरेनात. बेबीनंदानं दोनदा हाक मारली तेव्हा उतरले, पण आत न जाता लिंबाखालीच उभे राहिले. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांसारखे.

अक्षताला मी दिसलो. "दादा, मला ह्याच कपात द्या ना चहा."

"घ्या की ताई," कल्याण खुशीत म्हणाला. "आजोबाच्या टायमाचा हाये. खास माणसांसाठी बाजूला ठेवत व्हते म्हणं."

त्यानं मला विसळून काठोकाठ भरलं. किती वर्षांनी चहाची ऊब! अक्षतानं मला ओठाजवळ नेलं, आणि तातेरावांची नजर माझ्या तारेवर पडली.

"ठेव! अक्षता, ठेव ते खाली!"

ती दचकली आणि चहा तिच्या हातावर सांडला.

"अहो, काय झालं?" कल्याण धावला.

"ही तार माझ्या बापानं गुंडाळल्ती," तातेरावांनी माझ्याकडं बोट केलं. "कचरूनं. खास कप न्हाई हा. आमचा कप हाये. आम्हाला आत घेत न्हवते. बाहेर बसून प्यायचं, आपलं आपण धुवायचं अन् कोनाड्यात ठेवायचं. आतल्या कपांना आमचा विटाळ व्हायचा म्हणून."

बाप रे! मी हादरलो. काय ऐकतोय मी हे? तो कोनाडा म्हणजे मान नव्हता? ती वरून सोडलेली धार ही कला नव्हती, त्याला मला शिवायचंच नव्हतं? आणि ती माणसं मला घासत होती ते जीव लावून नव्हे, धाकानं? एवढी वर्षं मी कशाचा तोरा मिरवला!

"आजोबा, तुम्ही कधी बोलला नाहीत," अक्षताचे डोळे भरले.

"कशाला बोलतील?" बेबीनंदा म्हणाली. "शाळेत सगळ्या गावाला शिकवलं, घरात तोंडाला कुलूप. ह्या रस्त्यानं बस आली की खिडकीकडं पाठ करून बसत्यात."

कल्याणचा चेहरा पांढराफटक. "काका, आईशप्पथ, मला बिलकुल माहीत न्हवतं." त्यानं मला उचललं. "फोडूनच टाकतो."

"फोडू नका," दैवशाला आतून आली. "आतल्या कपांत टाका. आता कुठं कोण वेगळं हाये?"

टाका हो, टाका! मी मनातून ओरडलो. एकदा तरी त्या घमेल्यात, भावंडांसोबत मला बुडवा!

"दोन्ही नका करू," तातेराव म्हणाले. "फोडलं तर झालं ते सगळं पुसलं जाईल. आत मिसळलं तर उद्या दुसरी पोरगी त्याच्यातच चहा पिऊन गोड म्हणंल. जागेवरच राहू द्या. फूल काढा. अन् जो इचारील त्याला खरं सांगा. तुमच्या तोंडानं."

कल्याणनं मला कोनाड्यात ठेवलं आणि झेंडूचं फूल काढलं. "सांगतो, काका."

"मंग टाका चहा. आत बसतो."

तातेराव आत बाकड्यावर बसले आणि सगळ्यांसारख्या कपात चहा प्याले. पिऊन झाल्यावर कप हातात घेऊन ते उठले, नळाकडे दोन पावलं गेलेही. मग थांबले. परत फिरले, उष्टा कप बाकड्यावर ठेवला आणि मागं न बघता बाहेर पडले. कल्याणनं तो उचलून धुतला.

मी अजून कोनाड्यातच आहे, एकटा. कल्याण लोकांना सांगतो, कधी अडखळतो, पण सांगतो. तुम्ही या रस्त्यानं आलात तर थांबा, चहा प्या. माझा फोटो काढायच्या आधी मात्र माझ्याबद्दल विचारा. आणि आपला उष्टा कप बाकड्यावर तसाच ठेवून निघाल ना, तेव्हा एकदा माझ्या तारेकडं बघून जा.