देवीच्या हनुवटीवरचं तेल

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता आणि पंढरीकाकांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रांग अंगणातून निघून गावदेवीच्या देवळाला वळसा घालून पार नव्या टॉवरच्या गेटपर्यंत पोचली होती. कुणाच्या हातात कापूस, कुणाच्या हातात औषधाची धुतलेली बाटली, कुणी नुसताच गुडघा उघडा टाकून उभा. सगळ्यांच्या नजरा एका मोटरसायकलवर होत्या. जुनी, तीन चाकांची, शेजारी साईडकार जोडलेली, हळदकुंकवाने माखलेली. पुढच्या दिव्याला टेकून, किंचित खाली, देवीचा पितळी मुखवटा बसवलेला होता. त्या मुखवट्याच्या हनुवटीवरून तेलाचा एकेक थेंब खालच्या तांब्यात पडायचा.

शेजारी माइक घेऊन परशुराम उभा होता. कपाळभर मळवट आणि अंगात भगवी कफनी. हाच परशुराम पूर्वी टेंभी नाक्यापासून डोंबिवलीपर्यंत दहीहंडीच्या मंचांवर निवेदन करायचा. आवाज तोच राहिला होता, कपडे बदलले होते.

"मंडळी, मेडिकलमध्ये मिळतं ते औषध. इथे मिळतो तो आशीर्वाद. औषधाला एक्स्पायरी डेट असते, आशीर्वादाला नसते. मागच्यांनी ढकलू नका, तीन चाकं असली तरी देवी कुठे पळून चाललेली नाही. आता आरती. दिवा लावा."

दिवा म्हणजे मोटरसायकलचा हेडलाइट. पंढरीकाकांनी गाडी सुरू करून तो लावला. आरती संपता संपता थेंब आला आणि बायकांनी हात जोडले. परशुराम म्हणाला, "बघितलंत? आरतीशिवाय देवी पाझरत नाही."

मी समोरच्या इमारतीत राहते. नाव उत्तरा. ठाण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. गॅलरीतून हे सगळं मला रोज दिसायचं.

पंढरीकाका मूळचे इथलेच. जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती. घरात दोघंच, ते आणि तुळसाकाकी. दोन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. काकी घराबाहेर पडेनाशा झाल्या. व्हीलचेअर आणली तर म्हणाल्या, या खुर्चीत बसून मी लोकांच्या गुडघ्यांशी बोलू का? तेव्हा काकांनी आपल्या जुन्या मोटरसायकलला ठाण्याच्या एका वर्कशॉपमधून साईडकार जोडून आणली आणि दिव्याखाली लोखंडी पट्टीवर देवीचा मुखवटा बसवला. त्या संध्याकाळी काकी साईडकारमध्ये बसून मच्छीबाजारात गेल्या आणि उजव्या हाताने बोंबील दाबून बघत कोळणीशी भांडल्या. या अंगणात खरा चमत्कार घडला असेल तर तो त्या दिवशी. त्याला रांग लागली नाही.

मोटरसायकलला बाजूला तिसरं चाक लावलं की ती हँडलला एकसारखी खेचते. ठरावीक वेगाला हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, आणि ती थरथर वाढत गेली तर माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून वर्कशॉपवाल्याने दिव्याच्या मागे एक आडवी नळी बसवली होती. तिला डॅम्पर म्हणतात. आपल्या ऑफिसच्या दाराला वर एक नळकांडं असतं ना, ज्यामुळे दार धाडकन न आपटता सावकाश मिटतं, तेच काम. आत तेल असतं. ते बारीक छिद्रातून सरकताना दांड्याला अडवतं आणि हँडल झटकन हलू शकत नाही. नळीच्या तोंडाचं रबरी सील झिजलं की तेल बाहेर येतं. एवढीच गोष्ट.

सील झिजलं, तेल पट्टीवरून ओघळत मुखवट्याच्या मागे उतरलं आणि दिवाळीनंतर एका सकाळी हनुवटीवर थेंब जमला. साईडकारमध्ये बसणाऱ्या काकींच्या डोळ्यांसमोरच तो आला. "देवीला घाम आलाय," त्या म्हणाल्या. त्या वेळी परशुराम फाटकाशी उभा होता. त्याने आत येऊन चपला काढल्या.

मी त्याच आठवड्यात काकांकडे गेले होते. म्हटलं, "काका, गाडी चालवताना हँडल थरथरतं का हल्ली?"

"थरथरतं. परशुराम बोलला, ते देवीचं वारं हाय."

"वारं नाही काका, डॅम्पर गळतोय. तेल गेलं की हँडल आवरणार नाही. वर्कशॉपमध्ये नेऊ या, मी येते बरोबर."

 काका मला आत घेऊन गेले. काकी खाटेवर बसल्या होत्या. काकांनी त्यांचा डावा हात उशीवर ठेवला आणि म्हणाले, "तुळसे, दाखव." काकींनी डोळे बारीक केले, आणि त्यांची करंगळी हलली. थोडीशीच, पण हलली.

"ते तेल चोललं नि बोट हाल्लं," काका म्हणाले. "दोन वर्सं डाक्टरकडं गेलो, हे झालं नव्हतं. परशुराम बोलला, गाडीला पाना लावला का हे पन जाईल. बाय, तुला मशीन समजतं. पन तू मना लिहून देशील का, का पाना लावल्यावर तिचं बोट हालत राहील?"

दोन वर्षं फिजिओथेरपिस्ट काकींकडून रोज व्यायाम करून घेत होती. बोट त्यामुळे हललं होतं, हे मी सांगितलं. पण काका बोटाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. बायकोचं निर्जीव बोट हललेलं पाहणाऱ्या माणसाला शास्त्र सांगणारी मी कोण, असं मला वाटून गेलं. मी घरी परत आले.

पण एक गोष्ट मला सोडेना. त्या नळीत तेल असतं किती? चार-पाच चमचे. तेवढं तर रोज तांब्यात जमत होतं. शिवाय सुरुवातीच्या थेंबाला मशीनच्या तेलाचा वास होता. आता रांगेतून येणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांना खोबरेलाचा आणि कापराचा वास येत होता. आमच्या रंगूबाई, घरी पोळ्या करायला येतात, त्यांना मी हे बोलून दाखवलं.

"देवीच्या अंगाला कापराचा वास येणार नाही तर काय पेट्रोलचा येणार, मॅडम?" त्या म्हणाल्या. 

मी चौकीत गेले. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मान्य. पण फसवलं कुणाला? ज्यांचं घर, ज्यांची गाडी, तेच खुशीत आहेत. तक्रार त्यांनी करायला पाहिजे. उद्या मी ती गाडी उचलून आणली तर इथे दोनशे माणसं येऊन बसतील." नंतर मी कॉलेजमधल्या सहकाऱ्यांशी बोलले. सगळ्यांनी मान डोलावली. एकाने हळूच विचारलं, त्याच्या आईच्या सांधेदुखीसाठी थोडं मिळेल का.

परशुरामचं उद्दिष्ट हळूहळू उघड झालं. देवीला आता अंगण पुरेना. काकांचा टॉवरमागचा शेवटचा मोकळा तुकडा तिला मठासाठी हवा होता. त्याआधी खडवलीला नदीवर देवीचं तैलस्नान होणार, आणि काकांनी तिथे पाण्यात उभं राहून जागेचा शब्द द्यायचा, असं त्याने माइकवरून जाहीर करून टाकलं.

निघायच्या सकाळी ढोलताशे आले. पुढे टेम्पो, मधे तीनचाकी, मागे जीप. काकी साईडकारमध्ये बसल्या होत्या, हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूचा हार. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. झटक्यापासून त्यांचं बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळले.

"मना भीती वाटते गो. लय हालतं."

मी काकांना म्हटलं, "काका, ऐकलंत? काकींना नाही जायचं. निदान त्यांना जीपमध्ये बसवा."

काकांनी वाकून विचारलं, "काय झालं तुळसे?" तेवढ्यात परशुरामचा आवाज टेम्पोवरच्या कर्ण्यातून आला. "माउलीला वारं भरायला लागलं आहे. भीती वाटणं हीच खूण. बाजूला व्हा, बाजूला व्हा." ढोल वाजायला लागले. काकी पुन्हा काहीतरी म्हणाल्या, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी गाडीच्या पुढे उभी राहिले. दोन तरुण पोरांनी "मॅडम, प्लीज," म्हणत मला दंडाला धरून कडेला नेलं. उद्धटपणा अजिबात केला नाही. त्यातल्या एकाला मी शिकवलेलं होतं.

गाडी निघाली.

दुपारी फोन आला. खडवलीच्या अलीकडे उतारावर गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली होती. कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा काका बाकावर बसलेले होते, कपाळाला पट्टी, हातावर खरचटलेलं. काकी आत होत्या. साईडकार उलटताना त्यांनी वाचलेला हात पुढे केला होता, आणि तोच, उजवा, कोपरापासून मोडला होता.

"उतारावर हँडल थरथरायला लागलं," काका सांगत होते. "मी घट्ट धरलं. तो कर्न्यावरून बोलला, काका, हात सोडा, आता देवी चालवते. मी सोडले नाय गो. नुसते सैल केले. थोडेसे." त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून बघितले. "तिनं मना सांगितलं व्हतं. मना ऐकू नाय आलं."

मी त्यांच्याशेजारी बसले. 

परशुराम हॉस्पिटलमध्ये आला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो अंगणात हजर झाला, कारण चेपलेली गाडी तिथे आणली होती आणि माणसंही जमली होती. त्याने माइक घेतलाच. "देवीने मोठं संकट स्वतःवर घेतलं. माउलीचे प्राण वाचले, हा चमत्कार नाही तर काय? कुणीतरी वाटेत आडवं आलं, विघ्न तिथेच लागलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेव्हा काका घरातून बाहेर आले. त्यांच्या हातात पान्यांची पिशवी होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"खोल," ते म्हणाले.

परशुराम म्हणाला, "काका, कोप होईल."

"अजून काय व्हायचं र्‍हायलंय?" काकांनी विचारलं. 

दोन बोल्ट काढले आणि डॅम्पर हातात आला. मी त्याचा दांडा एका बोटाने ढकलला. तो सुळकन आत गेला, सुळकन बाहेर आला. अपघातानंतर रात्रीच मी आमच्या प्रयोगशाळेतला एक चांगला डॅम्पर घरी आणून ठेवला होता. तो गर्दीतल्या एका धडधाकट माणसाकडे दिला. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा दांडा मुंगीच्या पावलाने सरकला.

"हा अडवतो म्हणून हँडल स्थिर राहतं," मी सांगितलं. "जुन्यातलं तेल केव्हाच संपलंय, आत कोरडा आहे. बघा हात लावून. मग एवढे दिवस तांब्यात पडत होतं ते कुठून आलं?"

परशुराम फाटकाकडे सरकायला लागला होता.

मुखवटा काकांनी स्वतः काढला. आधी हात जोडले, मग स्क्रू फिरवले. मुखवट्याची पाठ पोकळ होती आणि त्या पोकळीत कापसाचा बोळा गच्च ठासलेला होता. काकांनी तो ओढून काढला. हवेत गारवा होता, म्हणून खोबरेल पांढरं, मेणासारखं गोठलेलं होतं. मी तो बोळा सुटलेल्या दिव्याच्या पत्र्याला टेकवला आणि बॅटरीवर दिवा लावला. पत्रा तापेपर्यंत सगळे थांबले. बोळ्यावरचा पांढरा थर आधी चमकला, मग पातळ झाला. मग थेंब पडला. आरती कुणी म्हटली नव्हती.

"हिवाळ्यात सकाळी खोबरेल थिजतं, हे तुमच्या घरातल्या बाटलीलाही ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून परशुरामला आधी दिवा लागायचा. आरती म्हणेपर्यंत पत्रा तापायचा. रात्री येऊन तो बोळा भरून जायचा."

फाटकाशी गलका झाला. परशुरामला पोरांनी धरलं होतं. या वेळी चौकीत तक्रार द्यायला काका गेले, आणि साहेबांनी ती लगेच लिहून घेतली.

गर्दी पांगली. कुणी माझं अभिनंदन केलं नाही, आणि ते बरंच झालं. रंगूबाई तेवढ्या रेंगाळल्या. त्यांच्या पिशवीत तेलाची बाटली होती. म्हणाल्या, "मॅडम, नंतरचं खोटं, समजलं. पण पहिला थेंब? तो तर कुणी घातला नव्हता. तो तरी खरा ना?"

"पहिला थेंब अगदी खरा होता," मी म्हटलं. "गाडी सांगत होती की ती बिघडली आहे. तो थेंब तेवढंच सांगत होता. आपण त्याचं ऐकलं असतं तर पुरे होतं."

त्यांनी बाटली मोरीत ओतली की घरी नेली, मला माहीत नाही.

गाडीला नवा डॅम्पर बसला. हँडल आता थरथरत नाही. काका रोज काकींना भरवतात, वेणी घालतात. फिजिओथेरपिस्ट पुन्हा येते. आता डाव्या हाताची तीन बोटं हलतात, तेलाशिवाय. परवा काकांनी साईडकार पुसून दाराशी लावली आणि विचारलं, "तुळसे, बाजारात जाऊ या?" काकींनी मान हलवली. नाही. काकांनी पुन्हा विचारलं नाही. ते गाडी परत आत घेऊन गेले आणि मी गॅलरीतून बघत राहिले.

गाडी दुरुस्त करता येते. बसलेली भीती काढायला कुठलाच पाना माझ्याजवळ नाही. म्हणून हे लिहिते आहे. कुठे काही पाझरलं, थरथरलं, आपोआप हललं, तर हात जरूर जोडा, कुणी अडवणार नाही. पण त्याआधी ते कुठून येतंय हे मागे जाऊन बघा. बघू नका, कोप होईल, असं जो सांगेल, त्याच्याकडेच आधी संशयाने बघा. आणि शेजारी बसलेलं माणूस भीती वाटते म्हणालं, तर ढोल थांबवा आणि त्याचं ऐका.